वपुंचा नव्हे, दुसरा ‘पार्टनर’

साल 2006. तुम्ही बावीस वर्षांचे. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात स्पर्धा परीक्षेची गाइडं घेऊन झाल्यावर, जमेल तितक्या साध्या आवाजात तुम्ही विचारता, “‘पार्टनर’ आहे का?” दुकानदार झटक्यात व. पु. काळ्यांचा, म्हणजे वपुंचा, काढून देतो. आता ‘हा नको, बिंदुमाधव खिऱ्यांचा द्या’ हे चार गिऱ्हाइकांदेखत म्हणायचं. म्हणता. तो एकदा तुमच्याकडे पाहतो, मागच्या कपाटातून प्रत काढतो, धूळ झटकतो, पिशवीत घालतो. एवढंच. तुमचा घाम मात्र अकोल्यापर्यंत वाळत नाही.

महाराष्ट्र एक्सप्रेसनं अकोला, तिथून मीटरगेजची पॅसेंजर. उगवे, गांधी स्मारक रोड, पाटसूल. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, तेही दुहेरी. अकोटला घरी पोचल्यावर गच्चीवर सतरंजी टाकून तुम्ही पालथे पडता. सतरंजी गावातल्याच मागावरची. लाल-निळे पट्टे, कडेचं सूत सुटलेलं. वाचताना ते सूत तुम्ही बोटाला गुंडाळत राहता.

“काय वाचून राह्यला रे बाबू?” आई जिन्यातून.

“वपु.”

“वाच, वाच. अन् रविवारी अंजनगावले पोरगी पाहाले जायचं हाये, ध्यानात ठेव.”

त्या नावाचा असा उपयोग होईल हे वपुंच्याही मनात आलं नसेल.

खिऱ्यांचा ‘पार्टनर’ समलिंगी तरुणाची गोष्ट. पोरगी पाहण्याच्या या वाटेनं ते स्वतः गेलेले. इंजिनिअर, अमेरिकेतली नोकरी, लग्न, घटस्फोट. मग पुण्यात परतून 2002 साली समलिंगींसाठी समपथिक ट्रस्ट. मोडलेलं लग्न त्यांनी झाकून ठेवलं नाही. चळवळीतल्या माणसाची हिंमत मोर्चात दिसते म्हणतात. मला ती इथं जास्त दिसते.

पुस्तक मिटू नका, बोट घालून ठेवा. आपल्याला 1934 मध्ये जायचंय.

मुंबईचं कोर्ट. आरोपी रघुनाथ धोंडो कर्वे. ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं दिली, त्यांत हस्तमैथुन होतं, समलिंगी संबंधही होते, म्हणून अश्लीलतेचा खटला. तुम्ही मागच्या बाकावर. पुढे वकील उभे आहेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील कसं, हा त्यांचा मुद्दा; वाचक विचारतोय तर त्याला उत्तर मिळायला नको का? खटला हरतात. कर्व्यांना दोनशे रुपये दंड. तुम्हाला कुतूहल त्या अनाम वाचकाचं, ज्यानं पोस्टात पत्र टाकलं. त्यालाही कुणीतरी रविवारी पोरगी पाहायला नेलं असेल का?

आता पुढे, भराभर. 1990: अशोक राव कवींचं समलिंगींसाठीचं नियतकालिक ‘बॉम्बे दोस्त’. ते अकोटला येत नाही, त्यामुळे तुमच्या लेखी ते नाहीच. 2 जुलै 2009: दिल्ली हायकोर्ट म्हणतं, सज्ञान माणसांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. 11 डिसेंबर 2013: सुप्रीम कोर्ट म्हणतं, आहेत. मधल्या काळात तुम्ही अंजनगाव, परतवाडा, मूर्तिजापूर इथल्या बैठकांत पोहे खाल्ले आणि दरवेळी मुलीत काहीतरी खोट काढली. या पोरींची माफी मागायची राहून गेलीय.

6 सप्टेंबर 2018. पोळा तीन दिवसांवर. अकोटची मीटरगेज गाडी रुंदीकरणासाठी बंद पडलेली. टीव्हीवर बातमी: कलम 377 मधून संमतीचे संबंध वगळले, पाचही न्यायाधीशांचं एकमत. आई वाती वळता वळता विचारते, “हे कोनासाठी हाये रे?”

“माझ्यासारख्यायसाठी.”

ती रिमोट उचलते. आवाज कमी करते. बंद करत नाही.

ग्रंथपाल मंडळी, अकोट, तेल्हारा, दर्यापूरच्या वाचनालयांत वपुंचा ‘पार्टनर’ असेलच. त्याच्या शेजारी दुसराही ठेवा. कव्हर न घालता.