सकाळी काढलेलं टेक्नेशियम

हृदयाच्या स्कॅनआधी चोवीस तास चहा बंद, हे मी सांगते तेव्हा रुग्णांचे चेहरे पडतात. म्हणून कारणही सांगते: स्कॅनसाठी दिलं जाणारं, रक्तवाहिन्या रुंदावणारं अ‍ॅडेनोसिन हे औषध कॅफीनमुळे निष्प्रभ होतं. ट्रेडमिलवर चालणार असाल तरी पथ्य पाळा. गुडघ्यांनी दगा दिला तर चालण्याऐवजी ते औषधच द्यावं लागतं.

या तपासणीचं मूळ १९२०च्या दशकातल्या बॉस्टनमध्ये आहे. हर्मन ब्लुमगार्ट यांनी एका दंडात किरणोत्सारी द्रव टोचला आणि तो दुसऱ्या हातात पोचायला लागणारा वेळ मोजला. आज स्कॅनसाठी वापरतो ते किरणोत्सारी मूलद्रव्य, टेक्नेशियम, १९३७ साली सापडलं. पण आम्ही टोचतो ते टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं. ते गावोगावी पोचणार कसं?

१९५०च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेनं वाट काढली. शिशाचं कवच असलेल्या पेटीत ६६ तासांत निम्मं होणारं मॉलिब्डेनम ठेवायचं आणि त्यातून तयार होणारं टेक्नेशियम मिठाच्या पाण्यानं रोज काढून घ्यायचं, गाय दुहावी तसं. मला ही युक्ती स्कॅन काढणाऱ्या कॅमेऱ्याहून मोठी वाटते. आपल्याकडे मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झालं. आज अणुभट्टीपासून शेकडो कोस दूरच्या शहरांतही हा स्कॅन होतो, तो या पेटीमुळे.