आजी, तुला खरंच ऐकू येत नाही?

दिवाळीत मुलाने नवा लॅपटॉप आणला. जुन्याच्या दोन कळा रुसल्या होत्या आणि बॅटरी तर वायर काढली की मान टाकायची. नवा अगदी पाटीसारखा पातळ. पाडव्याला वहीपूजन असतं, तेव्हा मीही त्याला हळदकुंकू लावलं (झाकणाला हो, आत नाही!).

भाऊबीज झाली आणि सातवीतली नात शाळेचा प्रकल्प करायला त्यावर बसली. पाच मिनिटांत झाकण बंद. म्हणाली, "आजी, हा किंचाळतोय."

मी कान लावला. काही नाही. चष्मा काढून, पदर सारून पुन्हा लावला. शांत! "पंखा असेल गं आतला," म्हटलं. ती म्हणे पंखा नाही, बारीक सुई कानात घालावी तसं वाटतंय, आणि पान वरखाली केलं की आवाज बदलतो. मग माझ्यातली बाई जागी झाली. चौतीस वर्षं शाळेत काढल्यावर अभ्यास टाळण्याच्या सबबी मला पाठ आहेत. मी तसं बोलूनही गेले. पोरीचे डोळे भरून आले. "तुला खरंच ऐकू येत नाही का?" एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

मुलगा अठ्ठेचाळीसचा. त्याला "किंचित काहीतरी" वाटलं. दुकानात नेला तर काउंटरवरचे गृहस्थ माझ्याच पक्षाचे. "काही आवाज नाही, मॅडम." पण शेजारी स्क्रू काढत बसलेला एक विशीतला पोरगा मान वर न करता म्हणाला, "येतोय ना. कॉइल वाजतेय." गृहस्थांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा पुन्हा स्क्रूमध्ये शिरला.

रात्री मुलाने मोबाइलवर एक गंमत दाखवली. ऐकलेल्या आवाजाचं चित्र काढणारं ॲप. लॅपटॉप चालू केला की पडद्यावर वरच्या बाजूला एक बारीक उजळ रेघ उमटायची, सेकंदाला बारा हजार कंपनांच्या आसपास. बंद केला की रेघ गायब. असं चारदा करून पाहिलं. म्हणजे मंडळी, तो आवाज मी ऐकला नाही, पण पाहिला. नातीची बाजू खरी निघाली आणि मी तोंडघशी पडले.

बी.ए. मी मराठी घेऊन केलं आणि शिकवला इतिहास. विज्ञानाशी माझा संबंध प्रयोगशाळेच्या दारापर्यंतच. पण कुठलीही गोष्ट "केव्हापासून?" असं विचारल्याशिवाय मला सुटत नाही. यंत्रं गायला लागली केव्हापासून, आणि ते गाणं कुणाला ऐकू आलं? वाचत गेले. त्यातलं जे मनात राहिलं ते इथे लिहिते. चुकलं तर विज्ञानवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

सुरुवात १८३७ साली अमेरिकेत. चार्ल्स ग्राफ्टन पेज नावाच्या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की तारेच्या वेटोळ्यातला विजेचा प्रवाह जोडला-तोडला की जवळचा लोहचुंबक नाद करतो. त्याने त्याला विजेचं संगीतच म्हटलं. पाच वर्षांनी, १८४२ मध्ये, मँचेस्टरजवळच्या जेम्स ज्यूलने मोजून दाखवलं की लोखंडाची कांब चुंबकित केली की तिची लांबी बदलते. हा फरक लाखातल्या एखाद्या भागाइतका, डोळ्यांना न दिसणारा. पण असं आकसणं-पसरणं सेकंदाला हजारो वेळा झालं की हवा हलते, आणि हवा हलली की आवाज आलाच.

या नादाचा उपयोग ज्याने करून घेतला तो माझ्या जातकुळीचा, म्हणजे शाळामास्तर! फिलिप राइस. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ फ्रिडरिक्सडॉर्फ गावी शिकवायचा. मुलांना कान कसा चालतो हे दाखवायला त्याने लाकडाचा कान केला होता, आणि त्या नादातून त्याचं दूरध्वनीचं यंत्र जन्मलं. ऐकायच्या टोकाला त्याने काय वापरलं असेल? विणकामाची सुई! सुईभोवती तारेचं वेटोळं आणि खाली पोकळ पेटी. प्रवाह बदलला की सुई थरथरायची आणि पेटी वाजायची. १८६१ साली फ्रँकफुर्टच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे त्याने हे करून दाखवलं. सूर चांगले जायचे, शब्द जेमतेम. १८७४ मध्ये तो क्षयाने गेला आणि दोनच वर्षांनी बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं. मास्तरांचं हे असंच.

थोडक्यात, राइसच्या सुईला जे झालं तेच आपल्या लॅपटॉपच्या पोटात होतं. फरक एवढाच की त्याला आवाज हवा होता, आपल्याला नको आहे. प्रोसेसरला अगदी कमी व्होल्टेजची वीज लागते, ती पुरवायला आत छोट्या छोट्या कॉइल असतात. वीज त्यांच्यातून सलग वाहत नाही, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत जाते. एवढी कंपनं कुणाच्याच कानाला कळत नाहीत. पण यंत्राला काम कमी असलं की ते वीज वाचवायला मधले ठोके गाळतं. मग लाखांवरून संख्या हजारांवर येते आणि कानाच्या टप्प्यात सापडते. पान वरखाली केलं की काम बदलतं, काम बदललं की सूर बदलतो. (पोरगी बरोबरच सांगत होती.) शिवाय चिनीमातीसारख्या पदार्थाचे बारीक कपॅसिटर असतात, तेही विजेने किंचित फुगतात-आकसतात आणि खालच्या पट्टीला तबल्याच्या पुडीसारखी थरथरवतात. याने यंत्र बिघडत नाही. बिघडतं ते ऐकणाऱ्याचं डोकं.

यंत्राचा कटकटीचा आवाज गंभीरपणे घेतला की काय हाती लागतं, याची एक गोष्ट मला फार आवडली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात रस्त्यांवर आर्क दिवे असायचे. कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत जळत ठेवायची. प्रकाश झगझगीत, पण दिवे फुसफुसायचे आणि लुकलुकायचे. लोक त्रासायचे, अभियंते म्हणायचे, असायचंच. हर्था आयर्टन या बाईंनी विचारलं, का असायचं? घड्याळजीची मुलगी, वडील लहानपणीच गेलेले. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या, परीक्षा पास झाल्या, पण तेव्हा केंब्रिज बायकांना पदवी देत नसे. त्यांनी प्रयोग करून दाखवलं की प्रवाह वाढला की कोळशाच्या टोकावरचा तापलेला खड्डा मोठा होतो, त्याला हवेतला प्राणवायू भिडतो आणि मग ठिणगी फुसफुसते. १८९९ साली विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी हा निबंध स्वतः वाचला. तिथे निबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि लगोलग पहिल्या स्त्री सभासदही. रॉयल सोसायटीने मात्र १९०२ मध्ये त्यांचं नाव नाकारलं, कारण विवाहित स्त्रीला कायद्याने सभासद करून घेता येत नाही म्हणे! चार वर्षांनी त्याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिलं. पदक चालतं, माणूस चालत नाही. असो.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच होता. एकच आवाज नातीला ऐकू येतो, मला नाही, हे कसं? त्यासाठी फ्रान्सिस गाल्टनकडे जावं लागलं. डार्विनचा हा नातेवाईक. १८७६ च्या सुमारास त्याने पितळेची एक चिमुकली शिट्टी केली. स्क्रू फिरवला की नळी आखूड व्हायची आणि सूर चढत जायचा, इतका की माणसाला ऐकूच येऊ नये. ही शिट्टी काठीच्या टोकाला बसवून तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिरायचा, जनावरांच्या कानाशी ती वाजवायचा आणि कान हलतो का ते बघायचा. सगळ्यात तरबेज निघाली मांजरं. माणसांवर प्रयोग केल्यावर त्याला दिसलं की वय वाढतं तसे वरचे सूर ऐकू येईनासे होतात, आणि वयस्कांना स्वतःला याचा पत्ताच नसतो. (याच गाल्टनने पुढे सुप्रजननाच्या नावाखाली माणसांची प्रतवारी लावायचं खूळ काढलं, त्याचे भोग जगाने भोगले. इतिहासात माणसं अशी अर्धी अर्धी सापडतात.)

कारण आता माहीत आहे. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. वरच्या सुरांच्या पेशी अगदी दाराशी, म्हणून त्या आधी झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. लहान मुलाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. माझ्या वयाला आठ-दहा हजारांच्या वर बहुतेक अंधारच.

हे वाचलं आणि एकदम १९८७ सालचा आमचा सातवी ब आठवला.

शाळेला गावातल्या एका गृहस्थांनी रंगीत टीव्ही दिला होता. दूरदर्शनवरचे शालेय कार्यक्रम दाखवायला आम्ही मुलांना हॉलमध्ये बसवत असू. कार्यक्रमाआधी दहा मिनिटं सेट चालू करून ठेवायचा. पुढे बसलेला एक मुलगा दर वेळी दोन्ही कानांत बोटं घालायचा. विचारलं तर म्हणाला, "बाई, टीव्ही शिट्टी मारतोय." वर्ग हसला. आवाजाचं बटण तर पूर्ण खाली होतं! दोनदा समज दिली आणि तिसऱ्यांदा त्याला बाहेर उभं केलं. पुढचे सगळे कार्यक्रम त्याने व्हरांड्यात काढले, कारण नंतर तो आपणहूनच बाहेर थांबू लागला. मी त्याला हट्टी म्हटलं. वर्षाअखेरीच्या शेऱ्यातही तसंच लिहिलं.

आता त्या शिट्टीचा आकडा मला माहीत आहे. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार करा, १५,६२५. काचेच्या नळीचा जुना सेट सेकंदाला इतक्या ओळी रेखायचा आणि त्याच वेगाने त्यातला एक ट्रान्सफॉर्मर गायचा. पडद्यावर चित्र असो वा नसो, आवाज खाली असो वा वर. बाकीच्या मुलांनाही तो ऐकू येत असणार, पण चित्रापुढे त्यांना त्याची पर्वा नव्हती. त्या एकाला सहन होत नव्हतं. आणि पस्तिशी ओलांडलेली मी, जे मला ऐकू येत नाही ते नाहीच, असा निकाल देऊन मोकळी झाले.

वेल्समध्ये हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या माणसाने २००५ साली 'मॉस्किटो' म्हणून एक यंत्र आणलं. साडेसतरा हजारांच्या आसपासचा सूर, तरुणांनाच बोचणारा, दुकानासमोर रेंगाळणाऱ्या पोरांना हाकलायला. लहानपणी वडिलांच्या कारखान्यात त्याला असाच आवाज असह्य झाला होता आणि मोठ्यांना ऐकूच येत नव्हता, त्यावरून हे सुचलं म्हणतात. ज्या मुलाचं कुणी ऐकलं नाही त्याने मोठेपणी मुलांनाच टोचायचं यंत्र करावं! मुलं मात्र सवाई निघाली. त्यांनी तोच सूर मोबाइलची रिंगटोन केली. वर्गात फोन वाजायचा आणि बाईंना पत्ता नाही :-) हे वाचून मला फार बरं वाटलं.

इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं की इतिहास पुराव्यावर चालतो. न पाहिलेल्या लढाया आपण बखरी आणि कागद ताडून मान्य करतो. मग समोर उभं राहून एक मूल साक्ष देत होतं, ती मी तपासलीसुद्धा नाही. सेट बंद करून "आता?" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

लॅपटॉपचं म्हणाल तर तो बदलून नाही मिळाला, "दोष नाही" असा शेरा मिळाला. (शेरे कसे लिहिले जातात ते मला माहीत आहे.) मुलाने वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये काही बदल केले, त्याने आवाज पुष्कळ उतरला. चार्जिंग चालू असताना तो जास्त येतो, म्हणून रात्री तो हॉलमध्ये चार्ज होतो आणि दिवसा बॅटरीवर चालतो. हे सगळं नातीला विचारत विचारत केलं. "आता? आता कमी झाला?" घरात कान तिचेच चालतात.

तिची मी माफी मागितली. ती म्हणाली, "इट्स ओके आजी," आणि पुन्हा कामाला लागली. मुलांची माफी इतकी स्वस्त असते, म्हणून आपण मागायची टाळतो की काय कोण जाणे. व्हरांड्यातला तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. त्यालाही आता ती शिट्टी ऐकू येत नसेल. त्या वर्षीच्या शेऱ्यातला "हट्टी" हा शब्द मात्र माझ्याच अक्षरात आहे, आणि तो खोडायला आता मला तो कागद मिळायचा नाही.