टेंभली आणि कार्ल्सरूह : नोंदवहीतला नागरिक

१/ २९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याच्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. आज आपल्या खिशात असलेल्या बारा अंकांचा इतिहास असा महाराष्ट्रातच सुरू होतो. त्या दिवशी ‘आधार’ला संसदेच्या कायद्याचा आधार मात्र नव्हता.

२/ योजना आयोगाच्या जानेवारी २००९ मधील अधिसूचनेवर हे प्राधिकरण उभे राहिले होते. डिसेंबर २०१० मध्ये राज्यसभेत विधेयक आले. वर्षभराने यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने ते नापसंत केले. नोंदणी तरीही सुरूच राहिली. कायदा झाला मार्च २०१६ मध्ये, आणि लगेच एप्रिलमध्ये १०० कोटी क्रमांकांचा टप्पा पार झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे बहुतेक देशाची नोंद आधी झाली, नियम नंतर आले.

३/ हाच क्रम दुसऱ्या एका देशातील नागरिकांनी रोखून धरला होता. पश्चिम जर्मनीत २७ एप्रिल १९८३ रोजी जनगणना होणार होती. शिरगणतीबरोबर घर, नोकरी, कामावर जाण्याचे साधन अशा गोष्टींचीही विचारणा होती. वरवर पाहता यात आक्षेपार्ह काहीच नव्हते. तरीही गावोगावी बहिष्कार समित्या उभ्या राहिल्या.

४/ या भीतीला इतिहास होता. मे १९३९ च्या जर्मन जनगणनेत प्रत्येकाचे आजी-आजोबा ज्यू होते का, हे एका पुरवणी पत्रकावर विचारले गेले होते. नेदरलँड्सची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. तिथल्या लोकशाही सरकारने प्रशासनाच्या सोयीसाठी नागरिकांची अत्यंत नेटकी नोंदवही तयार केली होती. १९४० मध्ये नाझी फौजा आल्या आणि ती नोंदवही त्यांच्या हाती आयती पडली. २७ मार्च १९४३ रोजी ॲमस्टरडॅममधील प्रतिकारकांनी नोंदणी कार्यालयावरच हल्ला केला, तो म्हणूनच. युद्ध संपेपर्यंत तिथल्या सुमारे तीन चतुर्थांश ज्यूंची हत्या झाली होती. ज्यांनी नोंदी केल्या त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण हेतू नोंदवहीत लिहिलेला नसतो.

५/ जर्मनीतील वाद कार्ल्सरूह येथील घटनात्मक न्यायालयात गेला. एप्रिलमध्ये जनगणनेला स्थगिती मिळाली आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी निकाल लागला. न्यायालयाने जनगणना रद्द केली नाही. तिच्यातील माहिती नगरपालिकांच्या रहिवासी नोंदींशी ताडून पाहण्याची तरतूद मात्र रद्द केली. आकडेवारीसाठी दिलेली माहिती आकडेवारीसाठीच वापरली पाहिजे, हा त्यामागचा विचार. आपल्याविषयीच्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार याच निकालाने घटनात्मक पातळीवर मान्य केला. सुधारित कायद्याखाली जनगणना झाली ती १९८७ मध्ये.

६/ जर्मनीचे चित्र अर्थात एकरंगी नाही. जगातील पहिला माहिती-संरक्षण कायदा हेसेन राज्याने १९७० मध्ये केला, आणि प्रत्येक नागरिकाला एकच क्रमांक देण्याची कल्पना १९७६ मध्ये संसदीय समितीने घटनाबाह्य ठरवली. पण २०२१ च्या कायद्याने करदात्याचा ओळख क्रमांकच अनेक सरकारी नोंदींना जोडण्याचा मार्ग खुला केला. ४५ वर्षांपूर्वी नाकारलेली गोष्ट सोयीच्या वाटेने परत आली, असे तिथले टीकाकार म्हणतात.

७/ आता पुन्हा भारत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार ४ विरुद्ध १ मतांनी टिकला. खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करण्यास मात्र मज्जाव झाला. या निकालात वापरलेली प्रमाणबद्धतेची कसोटी, म्हणजे सरकारचा हेतू आणि हक्कावरील घाला यांचे माप एकमेकांशी जुळते का हे पाहणे, मुळात जर्मन न्यायपरंपरेतून आलेली आहे.

८/ दोन्ही देशांतील एक फरक मला सतत अस्वस्थ करतो. १९८३ चा जर्मन बहिष्कारकर्ता दंडाची जोखीम पत्करून ‘नाही’ म्हणू शकत होता. २०१८ च्या निकालाने कल्याणकारी योजनांसाठी आधारची अट कायम ठेवली. त्यामुळे ज्याचे रेशन त्या क्रमांकावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ‘नाही’ हा शब्दच महाग आहे. उलट, ज्यांना नकार परवडतो असे आपण बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये काय करतो? भाडेकरूच्या, घरकामाच्या मावशींच्या आधारची झेरॉक्स मागतो, ती ऑफिसच्या उघड्या फायलीत ठेवतो आणि विसरून जातो. नोंदवही फक्त सरकारच लिहीत नाही.

९/ यापुढची मोठी नोंद जवळ आली आहे. २०२७ ची जनगणना ही भारताची पहिली डिजिटल जनगणना असेल आणि तीत जातीचीही नोंद होईल. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ सांगते की जनगणनेतील वैयक्तिक नोंदी पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि त्या पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत. कागदाच्या काळातले हे कलम कार्ल्सरूहच्या निकालाहून ३५ वर्षांनी जुने आहे.

१०/ जनगणना हवीच; तिच्याशिवाय टेंभलीसारखी गावे धोरणात दिसतच नाहीत. म्हणून प्रगणक दारी येईल तेव्हा त्याला खरी उत्तरे द्या, आणि कलम १५ वर कुणी हात घालू पाहिला तर ते आपल्या लक्षात येईल एवढे ते वाचून ठेवा. कायद्याच्या पुस्तकात ते जेमतेम एका परिच्छेदाचे आहे.