भाषाविषयक प्रश्नाची घडण : जनगणना आणि ग्रिअर्सन

सर्वेक्षणासाठी प्रश्न कसा रचावा, हा समाजशास्त्राचा प्रांत मानला जातो. परंतु तौलनिक साहित्याचा अभ्यासक भारतीय भाषांच्या ज्या संख्या आणि सीमा गृहीत धरतो, त्या अशाच प्रश्नांतून निष्पन्न झाल्या आहेत. १८८१ च्या जनगणनेत मातृभाषा विचारली गेली, १८९१ मध्ये आईवडिलांची भाषा. १९०१ ते १९२१ या तीन गणनांत सामान्यतः वापरली जाणारी भाषा विचारण्यात आली आणि १९३१ मध्ये पुन्हा मातृभाषा आली. घरात मराठी आणि घराबाहेर तमिळ बोलणाऱ्या तंजावरच्या कुटुंबाच्या दृष्टीने हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यामुळे या दशकांचे आकडे एका रांगेत मांडून भाषेची वाढ-घट सांगणे धोक्याचे ठरते.

जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात (प्रकाशन १९०३–१९२८) केवळ भाषेच्या नावावर विसंबणे टाळले. सामान्य ग्रामस्थाला आपल्या बोलीचे नाव ठाऊक असतेच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवले गेले : बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर, एक स्थानिक गद्य वा पद्य उतारा, आणि शब्दांची व वाक्यांची ठरावीक यादी. दृष्टांताची निवड व्याकरणाच्या सोयीसाठी होती. त्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ येतात. भारतीय भावना दुखावू नयेत म्हणून त्यात किरकोळ शाब्दिक बदलही करण्यात आले. (प्रश्नकर्त्याने उत्तरदात्याच्या संकोचाचा आधीच विचार केल्याचे हे उत्तम उदाहरण होय.) तथापि बोलणारा आणि संपादक यांच्यामध्ये बहुधा स्थानिक अधिकारी, मिशनरी किंवा साक्षर मध्यस्थ उभा होता. शिवाय भाषांतरित वाक्य मूळ संहितेच्या वळणाने जाते. साहित्याच्या अभ्यासकाने म्हणूनच दुसऱ्या नमुन्याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. तेथे निदान काय सांगायचे ते सांगणाऱ्याकडे होते.

नमुना हाती आला तरी वर्गीकरणाचा अधिकार संपादकाकडेच राहिला. स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेल्या मराठीच्या सातव्या खंडात (१९०५) कोंकणी ही मराठीची बोली ठरली. खानदेशी मात्र नवव्या खंडात भिल्ल भाषांसमवेत गेली. २०११ च्या जनगणनेतही अहिराणी खानदेशीखाली मोजली गेली. धुळे-जळगावकडील ज्या अहिराणीभाषकाने प्रगणकाला ‘मराठी’ असे उत्तर दिले, त्याची गणना मराठीत झाली; घरी तो कोणती भाषा बोलतो, हे प्रगणकाने तपासणे अपेक्षितच नव्हते.