गवताचा पिवळा, चिखलाचा काळा

शॉपिंग अ‍ॅपवर ‘नॅचरल डाय’ लिहिलेला एखादा स्कार्फ दिसला की आपल्या डोळ्यांसमोर एक छान चित्र येतं. अंगण, झाडंपानं, उकळतं पातेलं, सगळं कसं शांत. आज मला त्या चित्रात आणखी एक माणूस उभा करायचाय, तो म्हणजे करवसुली करणारा अधिकारी. कारण जपानी रेशमाच्या दोन फार सुंदर कापडांची गोष्ट त्याच्याशिवाय पूर्णच होत नाही.

पहिली गोष्ट हाचिजोजिमा बेटाची. ‘जिमा’ म्हणजे बेट. तोक्योपासून दक्षिणेला, पॅसिफिक महासागरात, जवळपास 290 किलोमीटरवर. आज ते तोक्योच्याच प्रशासनाखाली येतं आणि विमानानं तासाभरात पोचता येतं. पण जुन्या काळी वाटेत कुरोशिओ हा जोरदार सागरी प्रवाह आडवा यायचा. हे बेट इतकं दूर, की ती काळ्या पाण्याची शिक्षा भोगायची जागाच होती. 1600 मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत हरलेला उकिता हिदेइए हा मोठा सरदार 1606 मध्ये इथं पाठवला गेला आणि 1655 मध्ये इथंच वारला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं!

या बेटावर विणलं जाणारं रेशीम म्हणजे किहाचिजो. ‘कि’ म्हणजे पिवळा. रंग फक्त तीन: पिवळा, लालसर तपकिरी आणि काळा. पिवळा येतो एका साध्या गवतापासून. तपकिरी येतो ताबुनोकी नावाच्या झाडाच्या सालीतून, आणि काळा शिई नावाच्या झाडाच्या सालीतून.

आता पिवळ्याचं बघा. गवत कापायचं, वाळवायचं, उकळायचं. त्या काढ्यात रेशमाचे धागे रात्रभर भिजवायचे, सकाळी पिळून उन्हात घालायचे. मग पुन्हा तेच. असं एक-दोनदा नाही, वीसेक वेळा! आणि शेवटी राखेचं निवळलेलं पाणी. राख कुठलीही चालत नाही. कॅमेलिया आणि साकाकी या झाडांची लागते, कारण ही झाडं मातीतलं अ‍ॅल्युमिनियम पानांत साठवून ठेवतात. तेच अ‍ॅल्युमिनियम रंगाला धाग्याशी बांधतं. आपल्याकडचे रंगारी तुरटी वापरतात ना, तिच्यातही तेच असतं. काळ्यासाठी मात्र धागे सालीच्या काढ्यात पुन्हापुन्हा बुडवून शेवटी लोह असलेल्या चिखलात घालतात. सालीतलं टॅनिन आणि चिखलातलं लोह एकत्र आलं की काळा तयार! पण लोह जास्त झालं तर रेशीम कमकुवत होतं. म्हणजे हात आणि डोळा दोन्ही तयार हवेत.

एवढी मेहनत कशासाठी? तर सारा भरण्यासाठी. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868, जपानमध्ये शेतसारा मुख्यतः तांदळात भरला जायचा. या ज्वालामुखी बेटावर भात पुरेसं पिकत नव्हतं, म्हणून शोगुनच्या सरकारनं त्याऐवजी रेशमी कापड घेतलं. विणायचं काम प्रामुख्यानं बायकांचं. म्हणजे अख्ख्या बेटाचा सारा त्यांच्या मागावर तयार व्हायचा.

आणि ते कापड जायचं कुठं? आधी शोगुनच्या दरबाराकडं आणि सरदारांकडं. पुढे शहरात ते फॅशनमध्ये आलं. 1775 मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, बाहुल्यांच्या रंगभूमीवर एक नाटक आलं. त्यातल्या नायिकेनं किहाचिजो नेसला होता, आणि शहरातल्या पोरींना तो हवाहवासा झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रेंड सेट झाला!

दुसरी गोष्ट आणखी दक्षिणेची. क्यूशू आणि ओकिनावा यांच्या मधे अमामी बेटं आहेत. तिथलं कापड म्हणजे ओशिमा त्सुमुगी. इथं शारिनबाई नावाच्या झाडाचं लाकूड उकळून त्यात धागे रंगवतात आणि मग शेतातल्या लोहयुक्त चिखलात धुतात. हेही पुन्हापुन्हा. त्यातून येतो तो खोल, तपकिरी झाक असलेला काळा.

ही बेटं 1609 पासून सात्सुमा या बलाढ्य संस्थानाच्या ताब्यात होती. आणि 1720 च्या सुमारास सात्सुमानं हुकूम काढला: सामान्य बेटवासीयांनी हे कापड अंगावर घालायचं नाही. विणायचं तुम्ही, नेसायचं दुसऱ्यांनी! अमामीत एक दंतकथा सांगतात. अधिकारी झडतीला येणार म्हणून एका बाईनं आपलं कापड चिखलात लपवलं. नंतर काढून बघते तर काय, सुरेख काळं झालेलं. हे खरंच असं घडलं असेल असं मला वाटत नाही. पण लोकांनी आपल्या रंगाच्या जन्माची गोष्ट सांगताना त्यात झडती आणि भीती घातली, हे मला कुठल्याही सरकारी कागदाइतकंच बोलकं वाटतं.

मग ‘वनस्पतीरंग’ ही कौतुकाची गोष्ट कधी झाली? 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज पोरानं प्रयोगशाळेत जांभळा रंग बनवला, आणि काही दशकांत स्वस्त रासायनिक रंग जगभर पोचले. तोवर जवळजवळ सगळेच रंग झाडापानांचे, मातीचे, नाहीतर किड्यांचे. त्यासाठी वेगळं नाव कशाला लागेल? जपानी भाषेत ‘कुसाकिझोमे’, म्हणजे गवत-झाडांची रंगाई, हा शब्द रूढ केला यामाझाकी अकिरा या लेखकानं, 1930 च्या सुमारास. तेव्हा जागतिक मंदीत रेशमाचे भाव कोसळले होते आणि नागानोतली रेशीमकिडे पाळणारी शेतकरी कुटुंबं पार अडचणीत होती. हातमाग आणि जुनी रंगाई यांतून त्यांना जोडधंदा मिळावा, ही त्याची धडपड होती.

मला इथं एक धागा दिसतो. हाचिजोजिमात सारा, अमामीत बंदी, नागानोत मंदी. तिन्ही ठिकाणी गवत, साल आणि चिखल होतेच. पण गोष्ट ठरली ती एकाच प्रश्नावर: रंगवणाऱ्याच्या हातात काय पडलं?

आज ही दोन्ही कापडं जपानमध्ये सरकारमान्य पारंपरिक हस्तकला आहेत. वीस वेळा धागे बुडवणारे हात मात्र कमी होत चाललेत. गवत दरवर्षी पुन्हा उगवतं. पण ते काम शिकायला नवी पोरं तेव्हाच येतील, जेव्हा त्यावर घर चालेल. म्हणून पुढच्या वेळी ‘सस्टेनेबल’ हा शब्द दिसला, की पाणी आणि रसायनांबद्दल जरूर विचारा, आणि सोबत हेही विचारा: ज्यांनी हे रंगवलं, त्यांना ते विकत घेणं परवडतं का?