हिमरूचा जाला आणि पावलांनी चालणारी मोटर

आपल्या गावात पाहुणा आला की आपण त्याला पाणचक्की दाखवतो. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जाते फिरवायचे, ही करामत पाहून पाहुणा मान डोलावतो; आणि आपणही, जणू ती आपणच बांधली असावी अशा आविर्भावात, शेजारी उभे राहतो. ते ठीकच आहे. परंतु यंत्रांचा इतिहास पाहू जाता पाणचक्कीपाशी थांबून भागत नाही. पाणचक्कीत शक्ती आहे, आज्ञा नाही. पाणी आले की ती फिरते, तोडले की थांबते. अमुक इतकेच फिर, थांब, मग उलट फिर, असे तिला सांगण्याची सोय नाही. यंत्राला शक्ती देणे हा एक प्रश्न झाला आणि यंत्राला हुकूम देणे हा दुसरा. पहिल्याचा इतिहास वाफेच्या आणि विजेच्या निमित्ताने शाळेतली मुलेही शिकतात. दुसऱ्याचा इतिहास बहुधा सांगितलाच जात नाही, आणि सांगितला तर तो १९७१ साली अमेरिकेत एका चिमुकल्या चकतीपासून सुरू झाला असे सांगतात. मला हे मान्य नाही. त्या इतिहासाचा एक अध्याय आपल्या गावच्या मागावर लिहिला गेला आहे.

हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमी नक्षी काढलेले कापड. किनखाबाची जर परवडेना तेव्हा त्याच्या धर्तीवर हे निघाले. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस हलवली, त्या वेळी आलेल्या विणकरांनी ही विद्या इकडे आणली अशी परंपरा आहे. पुढे मलिक अंबराची खडकी आणि औरंगजेबाचे औरंगाबाद झालेल्या ह्या गावात (२०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे) ती वाढली. कापडाच्या सौंदर्याबद्दल पुष्कळ बोलले गेले आहे. मला त्या मागाबद्दल बोलायचे आहे.

नक्षी उमटवायची तर प्रत्येक फेकीला ताण्यातले नेमके कोणते धागे उचलायचे हे ठरलेले असावे लागते. फूल शंभर ओळींचे असेल तर शंभर वेगवेगळे हुकूम. हे लक्षात ठेवणार कोण? त्यासाठी मागाच्या वर दोऱ्यांचे एक जाळे बांधीत. त्याला जाला म्हणतात. नक्षीची एकेक ओळ म्हणजे जाल्यातली एकेक आडवी दोरी. खाली विणकर बसे, आणि एक मदतनीस, पुष्कळदा एखादा पोरगाच, क्रमाने एकेक दोरी ओढी. ओढलेल्या दोरीतून तेवढेच धागे वर येत, खालून धोटा जाई, आणि रेशमाची एक ओळ पडे. विणकराला फूल पाठ असण्याची गरज नव्हती. फूल जाल्यात बांधून ठेवलेले असे. ते बांधणारा कारागीर निराळा, नक्षी कागदावरून दोऱ्यांत उतरवणारा. आजच्या भाषेत बोलायचे तर हाच खरा प्रोग्रॅम लिहिणारा.

हे पटत नसेल त्याने पैठणला जाऊन पाहावे. जुन्या पद्धतीच्या पैठणीच्या पदराला असा जाला नाही. तिथे विणकर लहान लहान तिल्ल्यांवर निरनिराळे रंग घेऊन धागे मोजतो आणि मोर हाताने घडवतो. हुकूम बोटांत आहे, यंत्रात नाही. पन्नास-एक किलोमीटरांच्या अंतरात दोन्ही रीती नांदल्या, ही आपल्या भागाची श्रीमंती आहे.

फ्रान्समधल्या लियाँ शहरी हाच प्रश्न रेशीमकऱ्यांपुढे होता. तिथे बुशों याने १७२५ साली भोके पाडलेल्या कागदाने दोऱ्या निवडण्याची युक्ती काढली, आणि १८०४ साली जकार्डने पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ मागावर चढवली. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिचा धागा उचलला जातो. नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. दोरी ओढणारा पोरगा निकामी झाला. त्याच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही; दिवसभर मागावर बसून दोऱ्या ओढणे हे काही बालपण नव्हे. परंतु जकार्ड आल्यावर जाला बांधणाऱ्याचीही विद्या मागे पडली, आणि ती हानी मोठी. पत्ते पेटीत ठेवता येतात, त्यांची नक्कल करता येते. जाला एकदा उसवला की नक्षीचा हुकूमनामा नाहीसा होतो, उरते ते फक्त कापड. आज हिमरू विणणारी घरे मोजकी उरली आहेत. ह्या गावच्या किती नक्ष्या अशा दोऱ्यांबरोबर उसवल्या गेल्या असतील, ह्याचा हिशेब आपण ठेवला नाही.

पत्त्यांची पुढची वाटचाल प्रसिद्ध आहे. बॅबेजने आपल्या कल्पित गणनयंत्रासाठी ते घेतले. चोवीस हजार पत्त्यांनी रेशमात विणलेले जकार्डचे चित्र त्याने आपल्याकडे बाळगले होते. हॉलरिथने १८९० च्या अमेरिकन खानेसुमारीत पत्त्यांवर माणसे मोजली.

आता पावलांकडे वळू. तबकडीचा टेलिफोन ज्यांनी वापरला आहे त्यांना ती सोडल्यावर होणारी कुरकुर आठवत असेल. पाच हा आकडा फिरवला की तारेवरून पाच ठोके जात, आणि स्ट्राउजरच्या १८९१ च्या पेटंटाप्रमाणे बांधलेल्या एक्स्चेंजमध्ये एक दांडा पाच पायऱ्या चढे. ठोक्याला एक पाऊल, अधिक नाही, उणे नाही. स्टेपर मोटर हीच रीत पाळते. साधी मोटर वीज मिळाली की पाणचक्कीसारखी भिरभिरत सुटते. स्टेपर मोटर एका ठोक्याला एकच पाऊल टाकते आणि तिथेच ठाण मांडते. तिच्या फिरत्या भागावर ५० दाते असतात. भोवतालच्या वेटोळ्यांत ठरलेल्या क्रमाने वीज फिरवली की चार पावलांत एक दाता सरकतो. म्हणजे फेऱ्याला २०० पावले, पाऊल १.८ अंशांचे. फेऱ्याला ५ मिलिमीटर सरकवणारा आटेदार दांडा तिला जोडला, तर एका पावलाला हत्यार मिलिमीटरचा चाळिसावा भाग पुढे जाते.

हे ठोके मोजून देणारा तो मायक्रोकंट्रोलर. १९८० साली निघालेल्या ८०५१ ह्या चकतीत प्रोग्रॅमला ४ किलोबाइट आणि चालू आकडेमोडीला १२८ बाइट एवढीच जागा होती, तरीही आपल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यावरच शिकल्या. तिच्या पायातून निघणारी वीज अगदी क्षीण. मोटरीला ती कोठून पुरणार? म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हटले की आपल्याला एस.टी. आठवते, पण हा ड्रायव्हर स्वतःच्या मनाने काही चालवत नाही. त्याला एका तारेवर दिशा कळते, दुसरीवर ठोका, आणि तो वेटोळ्यांत जोरकस वीज सोडतो. प्रोग्रॅम एवढाच: ठोका दे, थांब, मोज, पुन्हा दे. सेकंदाला २०० ठोके दिले की सेकंदाला एक फेरा. मात्र पहिल्या क्षणापासून भरधाव ठोके देऊन चालत नाही. भरल्या गाडीचे बैल एकदम पळत नाहीत. ठोके आधी सावकाश, मग जलद, आणि थांबण्यापूर्वी पुन्हा सावकाश द्यावे लागतात.

आपल्या गावी १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, आणि भोवती सुटे भाग करणाऱ्यांची वसाहत वाढली. हुकुमाने चालणारी यंत्रे आता इथल्या माणसांना नवी नाहीत. परंतु हुकूम पाळणारे यंत्र विकत आणणे निराळे आणि त्याचा हुकूम स्वतः लिहिणे निराळे. जाला दुसऱ्या गावाहून बांधून आणला असता तर हिमरू औरंगाबादचा झाला असता काय? म्हणून एखादा विद्यार्थी स्वस्तातली मोटर आणि ड्रायव्हर जोडून स्वतःचे चार ठोके मोजतो, तेव्हा मला ते खेळणे वाटत नाही.

एका बाबतीत मात्र जुना माग पुढे होता. रेशमाचा धागा तुटला की विणकराला ते तत्काळ दिसे आणि काम थांबे. मोटरीवर भार जास्त झाला तर ती पाऊल चुकते. कंट्रोलरला त्याचा पत्ताही नसतो, त्याच्या मोजणीत ते पाऊल पडलेलेच असते, आणि तिथून पुढचे सगळे काम तेवढ्या अंतराने वाकडे होत जाते. ह्यावर महागडा उपाय म्हणजे दांड्यावर त्याचे फिरणे वाचणारा डोळा बसवणे. स्वस्त उपाय असा, की यंत्र सुरू होताच त्याने आपली जागा ठाऊक आहे असे धरू नये. हळूहळू मागे सरकावे, टोकाला बसवलेली कळ दाबली जाईपर्यंत जावे, आणि त्या जागेला शून्य समजून मोजायला सुरुवात करावी.