हेल्मेटचा वाद आणि डोंगरकड्याचा रस्ता

हेल्मेटसक्ती म्हटलं की आपल्याला पुणंच आठवतं. 1 जानेवारी 2019 पासून तिथे कडक कारवाई सुरू झाली आणि विरोधात मोर्चे निघाले. त्या गदारोळात कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यासारख्या गावांचा विचार कुणी केला नाही. हेल्मेटची निकड मात्र तिथेच जास्त आहे. डोक्याला जबर मार लागला तर नांदेड गाठावं लागतं, आणि कवटीत रक्त साचत असताना वाटेतली मिनिटं फार महाग पडतात. दवाखाना जितका लांब, तितकी इजाच टाळण्याची गरज मोठी.

हेल्मेटचा उपयोग अंदाजावर नाही, मोजणीवर सिद्ध झाला आहे. 1935 च्या मे महिन्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्या उपचारांत सहभागी असलेले मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स पुढे हेल्मेटने जीव वाचतो का, या प्रश्नामागे लागले. त्यांच्या 1941 च्या निबंधात हेल्मेट घातलेले जखमी सातच होते, सातही वाचले. एवढ्यावरून निष्कर्ष काढणं धाडसाचंच, पण नंतरच्या मोजणीने तो खरा ठरवला. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2008 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्के घटतो.

घालूनही माणसं दगावतात किंवा जायबंदी होतातच की, असं म्हणतात. खरं आहे. 2013 मध्ये आल्प्समध्ये स्कीइंग करताना मोटार शर्यतींचा जगज्जेता मायकेल शूमाकर खडकावर आदळला. हेल्मेट असूनही मेंदूला गंभीर इजा झाली. हेल्मेट धोका कमी करतं, संपवत नाही. मानेला झटका बसतो, हा आक्षेप मात्र टिकत नाही: अमेरिकेतल्या 2011 च्या मोठ्या अभ्यासात हेल्मेटवाल्यांमध्ये मानेच्या मणक्याची इजा उलट कमी आढळली. ‘शेतापर्यंतच तर जायचंय, गाडी हळू चालवतो’ हे उत्तर सगळ्यात घातक. दीड मीटरवरून डोकं नुसतं खाली आदळलं, तरी ते ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने आदळतं. गाडी उभी असली तरी. त्या क्षणी आतला थर्माकोलसारखा थर चेपतो आणि धक्का स्वतःवर घेतो. म्हणूनच एकदा आदळलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलावं लागतं, आणि हनुवटीखालचा पट्टा न लावलेलं डोक्यावर टिकतच नाही. आणि हेल्मेट फक्त चालवणाऱ्यापुरतं नाही: ते सक्तीचं करणारं मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 129 मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण अपघातांत गेले. त्यांतले 14,337 मागे बसलेले होते.